मला अधांतरी आवळलं

मी एका मोटारीचा बुश बोलतोय. बुश म्हणजे काय, हे गाडी चालवणाऱ्या दहातल्या नऊ जणांना ठाऊक नसतं. तरीही गाडी खडखडली की पहिली शिवी मलाच बसते. म्हणून आज मीच तोंड उघडतोय.

मी मुठीत मावेन एवढा. आत लोखंडी नळी, बाहेर लोखंडी कडं आणि दोन्हींच्या मधे घट्ट चिकटलेलं काळं रबर. चाकाला धरून ठेवणारी दांडी जिथे गाडीच्या सांगाड्याला जोडतात, तिथे माझी जागा. चाक खड्ड्यात उतरलं की मी पिळवटतो, वर आलं की पुन्हा सरळ होतो. धक्के मी खातो, म्हणून वर बसलेल्यांच्या हाडांपर्यंत ते पोचत नाहीत.

माझी गाडी न्हावऱ्याच्या रविराजची. वीस वर्षांची, पेट्रोलची. जुनी झाली तरी तिचा वेग गेला नव्हता. रविराज वर्षातून दोनदा तिला मोकळ्या धावपट्टीवरच्या शर्यतीला नेई. एरवी दर मंगळवारी तो आईला, भामाबाईंना, दौंडला घेऊन जाई. त्यांचा मणका सरकलेला. तिथे त्यांच्या कमरेवर उपचार चालले होते.

मला या गाडीत बसवलं ते हायवेवरच्या एका चकचकीत गॅरेजात. गाडी लिफ्टवर वर उचललेली, चाकं खाली लोंबकळत होती. कारागिराने मला जागेवर सरकवलं, बोल्ट घातला आणि चाकं तशीच अधांतरी असताना मशीन लावून करकचून आवळला. मग गाडी खाली सोडली. सगळा भार चाकांवर आला, दांडी वर उचलली गेली, पण माझी आतली नळी लोंबकळत्या जागीच आवळलेली, म्हणून मी पिळला गेलो. गाडी नुसती उभी असली तरी माझा पीळ सुटेना. मान वळवून बांधून ठेवलेल्या माणसाला विचारा, ते काय असतं. तो कारागीर तोवर दुसऱ्या गाडीकडे वळलासुद्धा होता.

माझ्यासारखा बुश वर्षानुवर्षं टिकतो. मी सात महिन्यांत फाटलो. ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढायला लागली, खड्ड्यात ठोके वाजायला लागले. रविराजने सगळ्या गावात सांगून टाकलं की रबराचा बुश म्हंजी कचरा.

मग त्याने गाडी शिरूरला इनुस मिस्त्रींच्या गॅरेजात आणली. इनुस मिस्त्रींचे हात आता थरथरतात. त्यामुळे काम त्यांची मुलगी सुफिया करते. पाबळला यंत्रकाम शिकून आलेली, पाना धरला की हात दगडासारखा स्थिर. तिने मला बाहेर काढलं, पुसलं, उजेडात धरलं आणि फाटलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. जन्मात पहिल्यांदा कोणीतरी माझ्याकडे नीट पाहत होतं.

"दादा, रबर खराब नव्हतं," ती म्हणाली. "चाकं लोंबकळत असताना आवळलंय कुणीतरी. एकाच अंगाला फाटलंय बघा."

रविराजने पाहिलं नाही. तो तिच्या खांद्यावरून बापाशी बोलत होता. त्याने मोबाइलवर व्हिडिओ पाहून लाल रंगाचे, कडक प्लॅस्टिकसारखे बुश मागवले होते. शर्यतीच्या गाड्यांत हेच असतात, ते म्हणे कधी फाटत नाहीत. सुफिया सांगत होती की शर्यतीला ते उत्तमच, पण रोजच्या खराब रस्त्याला त्रास होईल, धक्का सरळ वर येईल. इनुस मिस्त्री दोनदा म्हणाले, तिला विचार. रविराज म्हणाला, "चाचा, तुम्ही हो म्हणा, म्हंजी झालं."

गाडी त्याची, मर्जी त्याची. सुफियाने लाल बुश बसवले आणि मला टेबलावर ठेवलं. मी तिथे पडल्या पडल्या धुमसत राहिलो. गुन्हा एकाचा, बदनामी माझी, आणि जिला सगळं कळलं होतं तिचं ऐकायला कोणी तयार नाही.

तीन आठवड्यांनी एक बाई कमरेला पट्टा बांधून, भिंतीला धरत गॅरेजात आल्या. भामाबाई. एसटीने, एकट्या आल्या होत्या.

"पोरी, माझ्या गाडीत काय घातलंस तू?" त्या म्हणाल्या. "दौंडला पोचस्तोवर जीव जातो माझा. डॉक्टर म्हंत्यात, होतं त्याच्याहून वाईट झालंय."

सुफियाला सांगता आलं असतं की तुमच्याच मुलाचा हट्ट. तिने सांगितलं नाही. त्यांना स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. मग मला त्यांच्या एका हातात ठेवलं, दुसऱ्या हातात डब्यात उरलेला एक लाल बुश, आणि दाबून बघा म्हणाली.

भामाबाईंनी दाबलं. मी फाटका, पण अजून दबत होतो. लाल बुश जवळजवळ हललाच नाही. त्यांचं माहेर मेंढरांमागे फिरणारं. बिऱ्हाड घोड्यावर लादून गावोगाव चालणाऱ्यांत त्या वाढलेल्या.

"घोड्यावर कुणी उघडं लाकूड ठिवून वझं लादतं व्हय?" त्या म्हणाल्या. "आधी खोगीर टाकत्यात. हे खोगीर काढलं कुणी?"

सुफिया त्यांच्या हातातला लाल बुश घेऊन डब्यात ठेवू लागली. भामाबाई काय ते समजल्या. त्यांनी तिथूनच मुलाला फोन लावला आणि गाडी घेऊन ये, एवढंच बोलल्या.

रविराज आला तेव्हा त्याची मान वर नव्हती. आई म्हणाली, "आता ही पोरगी सांगंल तसं करायचं. मिस्त्रींकडं बघायचं न्हाई."

सुफियाने नवे रबरी बुश बसवले, पण बोल्ट ढिलेच ठेवले. गाडीखाली उतरून काम करायला गॅरेजात खणलेल्या खड्ड्यावर गाडी चारी चाकांवर उभी केली, रविराजला आत बसवलं, स्वतः खाली उतरली आणि सगळा भार चाकांवर असताना एकेक बोल्ट आवळला. असं का, हे त्याने या वेळी तिलाच विचारलं. तिने मला दाखवून सांगितलं. त्याने मला हातात घेतलं, फाटलेली बाजू पाहिली आणि म्हणाला, "म्हंजी ह्याचा दोष नव्हताच." त्या मंगळवारी भामाबाई दौंडला जाऊन आल्या आणि वाटेत त्यांना डुलकी लागली, असं त्याने फोन करून सुफियाला कळवलं.

तरी माझा राग गेलेला नाही. रविराजने हायवेवर जाऊन त्या कारागिराला विचारलं, तर तो म्हणाला की आम्ही सगळ्याच गाड्यांना असंच करतो. सगळ्याच! माझे किती भाऊबंद या घटकेला पिळून पडले असतील आणि उद्या कचरा म्हणून फेकले जातील, कोण जाणे.

आज भंगारवाल्याची गाडी दारात आली आहे आणि माझ्यासारखे पंधरा-वीस जण पोत्यात भरले आहेत. मला जायचं दुःख नाही, फाटलेल्या बुशाने जायचंच असतं. जाता जाता एकच मागतो. तुमची गाडी लिफ्टवर लोंबकळत असेल आणि कोणी बोल्ट आवळायला पाना उचलला, तर त्याचा हात धरा. आधी चाकं जमिनीला टेकू द्या.