पदरातल्या सहा गाई

मित्रांनो, वाचता वाचता जरा थांबा आणि डोळे मिटा. तुमच्या तळहातावर एक चिंचोका आहे अशी कल्पना करा. गडद तपकिरी, गुळगुळीत, थोडा गार. आता तो न बघताच समोरच्या लाकडी खळग्यात सोडा. टक् असा आवाज ऐकू आला ना? तो आवाज माझा.

मी एक जुनी पल्लांगुळी आहे. माझे नाव तुम्ही कदाचित ऐकले नसेल. फणसाच्या लाकडाची लांब फळी, तिच्यात सात-सात खळग्यांच्या दोन ओळी आणि दोन्ही टोकांना माशाच्या शेपटीसारखा आकार, असे माझे रूप. तमिळनाडूत घरोघरी मुलीबाळी माझ्यावर चिंचोक्यांचा खेळ खेळतात. तंजावरच्या एका सुताराने मला घडवले. प्रत्येक खळगा तो अंगठ्याने चाचपून बघायचा आणि जिथे अंगठा अडखळेल तिथे पुन्हा घासायचा. तिथल्या एका मराठी घरातली मुलगी लग्न होऊन चेन्नईला निघाली, तेव्हा तिच्या ट्रंकेत साड्यांच्या खाली मी होते.

तिला दोन मुली झाल्या. थोरली सीतालक्ष्मी, धाकटी विद्युलता. माझे सगळ्यात सुखाचे दिवस या दोघींचे. दुपारी जेवणे झाली की खिडकीखालच्या गार फरशीवर त्या मला मध्ये घेऊन बसत.

आमचा खेळ सोपा आहे. एका खळग्यातले चिंचोके उचलायचे आणि पुढच्या खळग्यांत एकेक टाकत जायचे. टाकता टाकता तुमच्या एखाद्या खळग्यात चार जमले की त्याला म्हणतात पसू. तमिळमध्ये पसू म्हणजे गाय. आपली गाय झाली की ती ताबडतोब उचलून पदरात टाकायची. लक्ष चुकले आणि पाचवा चिंचोका पडला, तर गाय हातची गेली.

सीतालक्ष्मीच्या हातून गाय कधी सुटली नाही. दिवे गेले तरी तिची बोटे अंधारात चौथ्या चिंचोक्याचा आवाज ओळखत आणि झटकन खळगा रिकामा करत. विद्युलतेच्या मात्र गाईमागून गाई निसटायच्या. तिचे डोळे खिडकीबाहेर असत. समोरच्या शाळेच्या पटांगणात मुली बास्केटबॉल खेळायच्या.

"विजू, तुझी गाय पळाली बघ," सीतालक्ष्मी म्हणायची.

"जाऊ दे अक्का, चरून येईल," विद्युलता उत्तर द्यायची.

मग एके दिवशी ती खिडकीतून बघायची थांबली आणि स्वतःच पटांगणात उतरली. सीतालक्ष्मीला अड्यारमधल्या एका कचेरीत नोकरी लागली. माझ्यावर एक जुने धोतर गुंडाळून मला माळ्यावर ठेवण्यात आले. मित्रांनो, माळ्यावर वेळ फार हळू जातो. खाली कोण हसते आहे हे ऐकू येते, पण कशाला हसले ते कळत नाही.

विद्युलता मोठी खेळाडू झाली. एका बँकेने तिला खेळण्यासाठीच नोकरीवर घेतले. सकाळी बँकेत बसायचे, दुपारनंतर सराव आणि वर्षभर गावोगावचे सामने. तिचे लग्न झाले, मुलगी झाली, तरी ती खेळत राहिली. पण वर्तमानपत्रात तिचे नाव जवळजवळ कधीच आले नाही. ती उंच नव्हती, फार बास्केट करणारीही नव्हती. ती दुसऱ्यांना बास्केट करायला लावायची. समोरच्या संघाच्या हातातून चेंडू काढून घ्यायची, रिंगवरून उसळलेला चेंडू उंच मुलींच्या मधून झेपावून पकडायची आणि नेमक्या जागी नेमक्या मुलीच्या हातात पोचवायची. इथल्या मैदानांवर मात्र टेबलाशी बसलेले लोक गुण आणि फाउल एवढेच लिहीत. बाकीचे सगळे खेळाबरोबरच हवेत विरून जाई.

मला माळ्यावरून खाली काढले ते तिच्या मुलीने, कौमुदीने. ती तेव्हा दहा वर्षांची होती.

आमच्या घरात एक सवय होती. कौमुदीचे अप्पा गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात कामाला होते आणि त्यांची बस भल्या पहाटे सुटे. त्याआधी बापलेक टीव्हीवर अमेरिकेतल्या व्यावसायिक संघांचे सामने बघत. तिथे प्रत्येक खेळाडूची प्रत्येक गोष्ट मोजतात हे कौमुदीने तिथेच पाहिले. गुण, रिबाउंड म्हणजे रिंगवरून उसळलेले चेंडू पकडणे, बास्केट करून देणारे पास, हिसकावलेले चेंडू, अडवलेले फटके, सगळ्यांचे वेगळे रकाने. एकाच सामन्यात तीन रकान्यांत दहाचा आकडा गाठला तर लोक उठून टाळ्या वाजवतात. आणि चार रकान्यांत? त्या लीगच्या साऱ्या इतिहासात हे फक्त चार खेळाडूंना, तेही एकेकदाच जमले होते. अप्पांनी तिला आणखी एक गोष्ट सांगितली. फार पूर्वी तिथेही हिसकावलेले आणि अडवलेले चेंडू मोजत नसत. त्या काळातल्या एखाद्या मोठ्या खेळाडूने हा पराक्रम केलाही असेल, पण आता ते कुणालाच कळणार नाही.

त्याच आठवड्यात अम्माचा शेवटचा सामना होता. त्यानंतर विद्युलता पूर्णवेळ बँकेच्या काउंटरवर बसणार होती. तिच्या जागी नागपूरहून आलेली रुचा नावाची नवी मुलगी खेळणार होती.

"अम्मा काय काय करते ते मी मोजणार," कौमुदीने जाहीर केले.

कागदावर मोजायचे तर मान खाली घालावी लागते आणि तेवढ्यात पुढचा पास होऊन जातो. तिला न बघता मोजणारा हात हवा होता. असा हात घरात एकच होता. सीतालक्ष्मी, जिला आता कौमुदीसुद्धा अक्काच म्हणायची. अक्काने बहिणीचा एकही सामना धड बघितला नव्हता. कचेरी, बस आणि घर यांतच तिची वर्षे सरली होती. त्या दिवशी मात्र तिने अर्धी रजा टाकली.

संध्याकाळी मैदानावर दिवे लागले. अक्का सिमेंटच्या पायरीवर मला मांडीवर घेऊन बसली, शेजारी चिंचोक्यांची पिशवी. गुण टेबलावर लिहिले जाणारच होते, म्हणून माझे तीनच खळगे कामाला घेतले. पहिला रिबाउंडचा, दुसरा पासचा आणि तिसरा हिसकावलेल्या चेंडूंचा. त्याला कौमुदीने नाव ठेवले होते चोरी.

"बँकेत नोकरी आणि हिकडे चोरी," अक्का म्हणाली. "तुझ्या अम्माला कोणीतरी पकडा."

सामना सुरू झाला. कौमुदी डोळे न हलवता सांगत होती. पास. चोरी. रिबाउंड. चोरी. अक्काच्या बोटांतून चिंचोके सुटत होते. टक्. टक्. कितीतरी वर्षांनी माझ्या अंगात तो आवाज घुमत होता. मित्रांनो, तो आनंद मला नीट सांगता येणार नाही.

आधी अक्का जरा इकडेतिकडे बघत होती. मग तिची नजर मैदानावर खिळली. आपली विजू, जिच्या गाई नेहमी पळायच्या, ती तिथे चार जणींच्या मनातले ओळखून चेंडू काढून नेत होती. अक्का पुढे झुकली. मध्यंतरात तिने सुंडलची, म्हणजे उकडलेल्या हरभऱ्यांची, पुडीसुद्धा उघडली नाही. उत्तरार्धात तर तिला आपल्याला हात आहेत याचाही विसर पडला असावा.

आणि विसरलेले हात काय करतात? जे त्यांना लहानपणापासून येते तेच.

शेवटची शिटी वाजली. बँकेचा संघ जिंकला होता. टेबलावर विद्युलतेचे बारा गुण लागले होते. कौमुदीने श्वास रोखून माझ्याकडे बघितले. रिबाउंडच्या खळग्यात दोन चिंचोके होते. पासच्या खळग्यात तीन. चोरीच्या खळग्यात दोन.

मग तिची नजर अक्काच्या पदराकडे गेली. पदराच्या खोळीत चिंचोक्यांचा ढीग होता. खळग्यात चार झाले की अक्काची बोटे गाय उचलत होती आणि पदरात टाकत होती. सगळा सामनाभर.

"अक्का," कौमुदी हळूच म्हणाली, "तू पसू उचललेस."

अक्काने पदराकडे पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. तिने ढीग मोजला. चोवीस चिंचोके. सहा गाई. प्रत्येक खळग्यातून दोन-दोन उचलल्या असतील, तर रिबाउंड दहा, पास अकरा आणि चोऱ्या दहा. बारा गुण धरले की चार रकाने, चारही दहा किंवा त्याहून जास्त. पण पहिल्यातून तीन आणि शेवटच्यातून एकच गाय उचलली असेल तर? कुठली गाय कुठल्या खळग्यातली हे आता कोण सांगणार? पदरात सगळे चिंचोके सारखेच दिसत होते.

तुम्ही मला विचाराल, तुला तर ठाऊक असेल. नाही, मित्रांनो. खळगा भरला आणि रिता झाला एवढेच लाकडाला कळते. किती वेळा, हे त्याच्यापाशी राहत नाही.

विद्युलता टॉवेलने मान पुसत आली. तिच्याबरोबर शरण्या होती, संघातली सगळ्यात उंच मुलगी, आणि राममूर्ती, एका वर्तमानपत्राचे बातमीदार. हकिकत ऐकून राममूर्तींना मोठे कुतूहल वाटले. चार रकान्यांत दहा, असे या शहरात त्यांनी कधी ऐकलेच नव्हते. पक्के असेल तर फोटोसकट छापू, असे ते तमिळमध्ये म्हणाले.

शरण्याने कौमुदीच्या खांद्यावर हात ठेवला. "दहा म्हणून सांगून टाक की. कोण मोजत होतं?"

कौमुदीने अम्माकडे बघितले. विद्युलतेने टॉवेल घट्ट धरला होता. इतकी वर्षे ज्याची वाट पाहिली ते एका शब्दावर आले होते. तिच्या डोळ्यांत ती इच्छा मला स्पष्ट दिसली. कौमुदीलाही दिसली.

"आम्ही मोजत होतो," ती म्हणाली. "आणि आम्हाला माहीत नाही."

राममूर्तींनी मान हलवली आणि बारा गुण एवढे लिहून घेतले. दुसऱ्या दिवशी फोटो शरण्याचा आला. तिचे गुण जास्त होते.

त्या संध्याकाळी परत येताना बसमध्ये अक्का माझ्यावर हात ठेवून बसली होती. "विजू, माझ्या हातानं तुझं अस्की, सगळं घालवलं," ती पुटपुटली.

विद्युलता खिडकीबाहेर बघत होती. मग तिने विचारले, "अक्का, तू सगळा सामना बघितलास?"

"बघितला की. त्या उंच पोरीला तू न बघता मागं चेंडू दिलास, तिला स्वतःलासुद्धा कळलं नव्हतं आपल्या हातात काय आलं. मी जोरात हसले, लाज नाही वाटली."

विद्युलतेने बहिणीच्या खांद्यावर डोके टेकले. तिला आकडा हवा होता आणि तो मिळाला नाही. ती हुरहूर तिच्या मनातून कधीच गेली नाही, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. अजूनही कधी भांडी आवरताना ती मध्येच म्हणते, "दहा असतील का ग?"

मित्रांनो, जुनी वस्तू म्हणून माझे तुमच्याकडे एकच मागणे आहे. आम्हाला माळ्यावर टाकू नका, अधूनमधून खाली काढा, हात लावा. आणि जशी आमची धूळ झटकाल तसेच आपल्या माणसांकडेही बघा. फलकावर ज्यांचे काम लागत नाही अशी माणसे तुमच्या घरात, वर्गात, संघात असतील. कुणीतरी त्यांच्याकडे बघत बसायला हवे.

नव्या हंगामाचा पहिला सामना आला. विद्युलता जायला तयार नव्हती. माझ्या जागी दुसरी धावते ते मी काय बघू, असे ती म्हणत होती. कौमुदीने वाद घातला नाही. तिने मला पिशवीत घातले, अम्माचा हात धरला आणि त्याच पायरीवर नेऊन बसवले. अक्का पलीकडे बसली, दोन्ही हात मांडीखाली दाबून.

"हे काय?" विद्युलतेने विचारले. मी तिच्या मांडीवर होते.

"रुचाचं मोजायचं. तिचंही कोणी मोजत नाही."

"मी? मला कुठे हे जमतं? माझ्या सगळ्या गाई पळायच्या. विचार अक्काला."

"म्हणून तर," कौमुदी म्हणाली.

शिटी वाजली. रुचा चेंडू घेऊन धावली आणि विद्युलतेचे डोळे तिच्यामागे गेले, जसे पूर्वी खिडकीबाहेर जायचे तसेच. कौमुदी सांगत गेली. पास. चोरी. पास. रिबाउंड. पास. पास. पासच्या खळग्यात चौथा चिंचोका पडला. टक्. पलीकडे अक्काची बोटे वळवळली. विद्युलतेच्या हाताला काहीच कळले नाही. गाय तिथेच बसून राहिली.

कौमुदीने खळग्याकडे एकदा पाहिले. मग तिने पिशवीत हात घातला आणि पाचवा चिंचोका काढून अम्माच्या बोटांत दिला.