ऑर्विलची हिरवीगार कोठी

देव अक्कल वाटत होता तेव्हा आमचा ऑर्विल बहुतेक कर्लिंगच्या रिंकवर बर्फ झाडत असावा. कर्लिंग म्हणजे बर्फावरून जड दगड सरकवायचा आणि त्याच्यापुढे झाडू मारत धावायचं, असला खेळ. माझा धाकटा भाऊ आहे, म्हणून एवढ्या मायेने सांगतेय.

गेल्या हंगामात आम्हा दोघांचा कनोला, म्हणजे मोहरीच्या जातीचं तेलाचं बी, त्याच्याच मोठ्या पत्र्याच्या कोठीत भरला. माझी कोठी वादळात आडवी झाली होती. माझं हे शेवटचं पीक. गुडघे पार गेलेत. कनोला विकायचा, जमीन दुसऱ्याला कसायला द्यायची आणि गावात जिने नसलेल्या घरात राहायला जायचं, असं मी ठरवलं होतं. घर बघून ठेवलं होतं, खिडकीचे पडदेसुद्धा मनात शिवून झाले होते.

ऑर्विलने कोठीत सेन्सरच्या तारा सोडल्या. वस्तू चांगली होती, उगाच तिला नावं ठेवणार नाही. बाहेर उणे तीस असलं तरी कनोला आतल्या आत तापतो, कुजतो, करपतो. ऊब चढायला लागली की खालून ट्रकभर माल काढायचा, गार होऊ द्यायचा आणि परत वर चढवायचा. दुपारभराचं काम. ते कधी करायचं, हे सेन्सरने फोनवर सांगायचं.

"माझ्याही फोनवर घालून दे की," मी म्हटलं.

"तुझ्या त्या डबड्यावर नाही चालायचं, ग्वेन. आणि मी आहे ना!"

तो होता, हेच तर दुखणं.

दर रविवारी तो माझ्याकडे जेवायला यायचा, करंजीसारखे बटाट्याचे पिरोगी हादडायचा आणि ताटाशेजारी फोन मांडायचा. पडद्यावर कोठीचं चित्र, हिरवंगार. "काळजी करायची नाही," असं सांगताना छाती अशी फुगवायचा की जणू सेन्सरचा शोध यानेच लावला. मीही मान डोलवायचे.

मार्चमध्ये माल न्यायला ट्रक आला. कोठीचं खालचं दार उघडलं. बचकभर दाणे घरंगळले आणि पुढे काहीच येईना. मग वास आला, करपलेल्या तेलाचा. ऑर्विलने पहार घालून ढोसलं तेव्हा काळी ढेकळं बाहेर पडली. ट्रकवाल्याने एक ढेकूळ बुटाने फोडलं, माझ्याकडे बघून टोपी नीट केली आणि रिकामा ट्रक घेऊन निघून गेला.

"पण हिरवं आहे, ग्वेन! बघ ना!" ऑर्विल फोन माझ्या नाकासमोर नाचवत होता.

मी तो हिसकावला. कोठी हिरवी होतीच. तिच्या पोटात बारीक अक्षरांत लिहिलं होतं, बावन्न अंश.

"बावन्नला हिरवं? लाल कधी होतं हे?"

"साठला."

"कोणी ठरवलं साठ?"

तो पहारीकडे बघायला लागला. "आधी अठरा होतं."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आमच्या रिंकवर नियम आहे, बर्फावर ज्याचा फोन वाजेल त्याने सगळ्यांना बिअर पाजायची. डिसेंबरात सामना चालू असताना कोठीचा अलार्म वाजला. ऑर्विलने बिअर पाजली, लोकांनी टाळ्या पिटल्या, आणि घरी येऊन या शहाण्याने माल हलवायचा सोडून अलार्मचा आकडा वर नेला. पुन्हा वाजला, पुन्हा बिअर, पुन्हा आकडा वर. तिसऱ्यांदा ऐन फेकीच्या वेळी वाजला, लॉयडचा दगड भलतीकडे गेला. लॉयड संघाचा कप्तान, तो चारचौघांत वाटेल ते बोलला. त्या रात्री आकडा थेट साठवर गेला.

"लीग चालू होती गं," ऑर्विल म्हणाला. "म्हटलं, संपली की काढू माल."

"गाढवा, फोन गाडीत ठेवायचा होतास!"

त्याने माझ्याकडे खऱ्याखुऱ्या आश्चर्याने पाहिलं. "गाडीत? मग कोठी तापली तर मला कळणार कसं?"

मी तिथेच पायरीवर बसले आणि रडले. त्याच्यासमोर रडावं लागलं, याचा राग अजून गेलेला नाही.

गावातलं घर दुसऱ्या कुणीतरी घेतलं. मे महिन्यात याच गुडघ्यांनी मला पुन्हा ट्रॅक्टरवर चढायचंय. ऑर्विलचा संघ लीगमध्ये शेवटून पहिला आला, तेवढंच काय ते बरं झालं.