सुईने पाडलेला बर्फ

प्राध्यापक अवेर्यान कुझमिच सत्याचे मोठे भक्त होते. फक्त ते सत्य शेगडीजवळ बसून सापडावं, एवढीच त्यांची अट. मॉस्कोच्या चित्रशाळेत ते निसर्गचित्र शिकवत, आणि त्यांच्या वर्गातल्या झोसिमाला त्यांचा मनापासून तिटकारा होता.

तरी आज त्यांच्यापुढेच त्याला चित्र ठेवावं लागलं. बर्फात बुडालेलं गाव, मोडकी कुंपणं, काळवंडलेली लाकडी घरं. हे पसंत पडलं तर शाळेतली जागा टिकणार होती, नाहीतर बापाच्या चामडं कमावायच्या कुंडांवर परत.

"हे खड्डे कसले रे? चित्राला देवी आल्यात का?"

"बर्फ पडत असताना उघड्यावर काढलंय, मास्तर. ओल्या रंगावर कण पडून वितळले, त्यांच्या खुणा आहेत."

"मला शिकवतोस? बर्फाच्या खुणा कशा असतात ते इथे बघ!"

प्रदर्शनासाठी काढलेलं त्यांचं स्वतःचं चित्र शेजारीच होतं, अजून ओलं. आभाळभर बारीक खड्डे, सगळे एका मापाचे, शिवणीसारखे ओळीत. खाली रंगाच्या पेटीत सुई पडली होती. तिच्या टोकाला पांढरा रंग होता.

प्राध्यापकांनी आवाज खाली आणला. "घे ती. तुझे खड्डे बुजव आणि नीट पाड. पास करतो."

बाहेर पडा, थंडी खा, खोटं रंगवू नका, असं हाच माणूस वर्गात ओरडायचा. ते ऐकून बर्फात चित्रं काढता काढता झोसिमाच्या दोन बोटांचे शेंडे थंडीने गोठून काळे पडले होते. त्याच्या डोक्यात तिडीक गेली. त्याने सुई नाही, प्राध्यापकांचं चित्र उचललं आणि अंगणात नेऊन भुरभुरत्या बर्फाखाली आडवं ठेवलं.

"या मास्तर, बाहेर या! सत्य पडतंय!"

"हलकटा, माझं चित्र! अरे, आणा रे कुणीतरी ते आत!" प्राध्यापक सपाता घालून उंबऱ्यात नाचत होते. स्वतःच्या चित्रासाठीसुद्धा त्यांनी पाऊल बाहेर टाकलं नाही. पोरांनी ते आत आणेपर्यंत बर्फाने सुईच्या ओळी मोडून टाकल्या होत्या.

झोसिमाला त्याच दिवशी हाकललं.

वसंतात कुंडाजवळ जेवायला बसला असताना खारवलेल्या माशाभोवतीचा वर्तमानपत्राचा कागद त्याने उलगडला. प्रदर्शनाची बातमी होती. अवेर्यान कुझमिच यांचं चित्र सर्वांत उत्तम ठरलं होतं. 'कलावंत स्वतः त्या बर्फात उभा होता, हे रंगाच्या कणाकणांतून दिसतं,' असं कुणा जाणकाराने लिहिलं होतं.

झोसिमा एवढा हसला की बापाने मान वर केली.

"काय रे, काय झालं?"

"काही नाही, बाबा. आमच्या मास्तरांना शेवटी बर्फ जमला."

मग त्याने त्याच कागदात काटे गुंडाळले आणि मांजरापुढे टाकले.