चोवीस दारांचा स्विच

मी बोलतोय, दावणगेऱ्याच्या एका रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावरून. जिन्याशेजारच्या लोखंडी कपाटात माझा मुक्काम असतो. मी नेटवर्कचा स्विच. पंखा चालू-बंद करणारा नव्हे. तो गैरसमज आधीच दूर केलेला बरा.

मला चोवीस दारं आहेत. दारात केबल, आणि केबलच्या पलीकडे कुणीतरी: एक्स-रे विभाग, नर्सबाईंचा संगणक, औषधांची खिडकी. कुणाचा निरोप कोणत्या दारातून सोडायचा हे मला तोंडपाठ असतं. प्रत्येक मजल्यावर माझा एकेक भाऊ आहे. आम्हा सगळ्यांचा मोठा साहेब तळमजल्यावर थंड खोलीत बसतो. एका विभागातून दुसऱ्या विभागात जाणारा निरोप त्याला विचारूनच पुढे जातो. तो वरच्या थरावरचा, मी खालच्या. पण आमच्यावाचून त्याला कोण विचारतो? खालचा असल्याची लाज मी कधी बाळगली नाही.

माझ्याही खाली एक थर आहे, तारांचा. तो आमच्या तंत्रज्ञ कुसुमाच्या हातचा. तिनं छतावरून एकेक केबल विजेच्या तारांपासून हातभर दूर राखून आणली, कुठे करकचून वळवली नाही, दोन्ही टोकांना स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लावली. येणारे-जाणारे माझे दिवे बघून खूश होतात. मी म्हणतो, दिव्यांचं काय घेऊन बसलात, त्या केबली बघा!

माझ्या सहाव्या आयुधपूजेची, म्हणजे खंडेनवमीची, गोष्ट. आदल्या दिवशी कुसुमानं तपासणीसाठी पिवळ्या केबलचं एक टोक माझ्या नवव्या दारात घातलं, तेवढ्यात शस्त्रक्रिया विभागातून हाक आली आणि ती धावली. दुसरं टोक तसंच लोंबत राहिलं.

सकाळी दुग्गव्वा आली. ती बावीस वर्षं हा मजला झाडते-पुसते, तीही ठेकेदारामार्फत. तिनं मऊ फडक्यानं माझी धूळ काढली, कपाळावर भस्माचे तीन पट्टे ओढले, कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. मी अगदी फुगून गेलो होतो. मोठ्या साहेबाला तिच्यासारखं कुणी सजवलं असेल, असं मला वाटत नाही.

मग तिला ती केबल दिसली.

"पूजेच्या दिवशी असं लोंबकळतंस होय रे? शोभतं का तुला?" असं म्हणत तिनं ते टोक माझ्या रिकाम्या चौदाव्या दारात खोचलं, हात जोडले आणि कुलूप लावून गेली.

नववं दार आणि चौदावं दार, दोन्ही माझीच. कुठल्याशा संगणकानं सगळ्यांना उद्देशून हाक मारली. ती नवव्यातून बाहेर पडली आणि चौदाव्यातून आत आली. मला वाटलं, नवीनच आहे. मी ती पुन्हा सगळीकडे धाडली. साहेबाच्या थरावर निरोपाला मोजकं आयुष्य असतं, ते टप्प्याटप्प्याला घटत जातं आणि भरकटलेला निरोप आपोआप संपतो. माझ्या थरावर निरोप मरत नाही. बघता बघता एकाचे लाखो झाले, खाली साहेबही गुदमरला. एक्स-रे दिसेनात, औषधांच्या खिडकीशी रांग जिन्यापर्यंत आली. आयुष्यात त्या एकाच दिवशी मला माझी लाज वाटली.

संगणक विभागाचे प्रमुख हालप्पा सर फोनवर कडाडले, "कुसुमा, तुझ्या केबलीच सडक्या! सगळ्या उपटून बाहेरच्या कंपनीला देतो काम!"

कुसुमानं कपाट उघडलं. माझे सगळे दिवे एकदम फडफडताना तिनं पाहिले, पिवळी केबल बोटानं चाचपत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि ओढून काढली. क्षणात सगळं शांत. केबली तिच्या एकदम चोख होत्या, हे मी छातीठोकपणे सांगतो.

"हे केलं कुणी?" तोवर वर येऊन पोचलेले सर म्हणाले. "स्विचमधली नोंद काढ. वेळ कळली की किल्लीच्या वहीत नाव सापडेल. आज एकाला घरी पाठवतोच."

सर खाली गेले. कुसुमानं नोंद मागितली, मी दिली. मला खोटं बोलता येत नाही. नऊ बेचाळीस. वहीत त्या वेळी एकच अंगठा होता.

दुग्गव्वा दारातच उभी होती, पदरात प्रसादाचे चुरमुरे. "मीच खोचली गं पोरी. मला वाटलं, सुटलीय. सांगते मी सरांना."

"गप्प बस, अव्वा. लोंबती ठेवली मी, खोचलीस तू. चूक अर्धी अर्धी झाली. माझ्या अर्ध्याला ताकीद मिळेल. तुझ्या अर्ध्याला उद्यापासून घरी बसवतील."

"म्हणून तू खोटं बोलणार?"

"खोटं कुठाय? माझा अर्धा वाटा तेवढा सांगते. चुरमुरे दे इकडे, सकाळपासून पोटात काही नाही."

सरांना एक नाव हवं होतं, ते मिळालं. कुसुमाला लेखी ताकीद मिळाली आणि बढती वर्षभर लांबली. सरांच्या वाट्याचं कुणीच बोललं नाही, म्हणून मी बोलतो. निरोपाची अशी गोल फेरी ओळखून दार बंद करण्याची सोय माझ्यात पहिल्यापासून होती. तिच्यामुळे संगणक जोडायला अर्धं मिनिट उशीर होतो म्हणून डॉक्टर कुरकुरले, आणि सरांनी ती बंद करवली होती. पुढच्या आठवड्यात त्यांनी ती गुपचूप चालू करवली.

आता माझी अकरा वर्षं भरली. माझ्या जागी येणाऱ्याचं खोकं बाहेर उघडून ठेवलंय. कुसुमा आली आहे. तिचं बोट माझ्या त्या छोट्या बटणावर आहे. ते दहा सेकंद दाबून धरलं की माझी सगळी आठवण पुसली जाते, नऊ बेचाळीसची नोंदसुद्धा. पलीकडे दुग्गव्वा फरशी पुसते आहे.

अकरा वर्षांत मी एकही नोंद खोटी केली नाही, याचा मला अभिमान आहे. आज एक खरी नोंद माझ्याबरोबर जाते आहे, याचाही आहे.

दाब, कुसुमा.