बाभळीवरची लुगडी

अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी दुपारी माहेरी आलेली कामिनी लेकीला आमरस भरवत होती आणि ओट्यावर तिचा धाकटा भाऊ हितेंद्र खांबाला भाषण देत होता. खांब मुकाट ऐकत होता, एवढंच काय ते भाषणाचं यश.

"आधुनिक संघर्षात मनोवैज्ञानिक युद्ध हे लष्करी रणनीतीचे... रणनीतीचे..."

"अविभाज्य अंग," कामिनी आतून म्हणाली. "सकाळपासून सातव्यांदा ऐकतेय. तनूलासुद्धा पाठ झालंय. म्हण गं तनू, अविभाज्य."

दहा महिन्यांच्या तनूने आमरसाचा फुगा काढला.

हितेंद्र हसला नाही. सैन्यात अधिकारी व्हायचं वेड त्याला शाळेपासूनचं. भोपाळला निवडीसाठी तो दोनदा जाऊन आला होता. तिथं हातात एक चिठ्ठी देतात. तिच्यावर चार विषय असतात, त्यातला एक निवडून बाकीच्या उमेदवारांपुढे तीन मिनिटं बोलायचं. दोन्ही वेळा हा पठ्ठ्या दुसऱ्याच मिनिटाला गार पडला. निवड झालेल्यांना वैद्यकीय तपासणीसाठी तिथंच थांबवतात. इतरांनी त्याच दिवशी बॅग उचलायची. दोन्ही वेळा हितेंद्र जळगावला उतरला, पिंप्राळ्यात कामिनीच्या घरी न बोलता चहा प्यायला आणि गावी परतायला एरंडोलच्या बसमध्ये जाऊन बसला. आता वय निघून चाललं होतं. पुढच्या आठवड्यातली खेप तिसरी, आणि शेवटची.

सीमेवर वातावरण तापलेलं, टीव्हीवर रोज खऱ्याखोट्याची खिचडी. म्हणून यंदा मनोवैज्ञानिक युद्ध येणारच, असं त्याने धरलं होतं.

"चिडवू नको ना ताई. तुला काय कळतं यातलं?"

"मला? अरे, रोज दोन वेळा एका शत्रूला जेवू घालते मी. घास तिला द्यायचाच नाही, कावळ्याला द्यायचाय, असं तिला वाटू द्यायचं. तोंड आपोआप उघडतं. आहे तुझ्या पुस्तकात?"

तेवढ्यात त्यांची आई, सुनंदाबाई, फोन हातात धरून पायरीवर येऊन बसली. तिचा चेहरा पडला होता.

"आते कोनी येत नही म्हने नदीवर. बठ्ठ्या भ्यायी गयात."

गावातल्या बायकांच्या ग्रुपवर सगळ्याजणींनी भ्यावं असा मेसेज होताच. 'सीमेवरील तणावामुळे यंदा नदीवर जमण्यास मनाई. येणाऱ्या महिलांचे फोटो काढून गुन्हे दाखल होणार.' खाली ना सही, ना शिक्का.

नदीवर जमायचं ते गौराईसाठी. महिनाभर पुजलेली गौराई त्या संध्याकाळी पाण्यात सोडायची, आणि मग अलीकडच्या गावाच्या बायकांनी या काठावरून, पलीकडच्यांनी त्या काठावरून एकमेकींचा मनसोक्त उद्धार करायचा. जो काठ आधी पाठ फिरवेल तो हरला. बक्षीस काही नाही. हरलेल्यांनी वर्षभर चक्कीवर आणि बाजारात मान खाली घालून ऐकून घ्यायचं.

हितेंद्रने मेसेज दोनदा वाचला. चार ठिकाणी फोन लावले. मनाईबिनाई कुणीही केलेली नव्हती.

"खुलासा टाकतो ग्रुपवर," तो म्हणाला.

तासाभराने पाहिलं तर अफवा साठ जणींनी वाचली होती आणि खुलासा दोघींनी. त्यातली एक त्याची आईच होती.

संध्याकाळी नदीवर अकरा जणी उभ्या राहिल्या. बारावी तनू, मामाच्या कडेवर. पलीकडचा काठ मात्र लाल-हिरव्या साड्यांनी नुसता फुलला होता, आणि मधोमध प्रमिलाबाई चक्क माइक घेऊन उभ्या होत्या. दरवर्षी पलीकडची आघाडी त्यांच्याच गळ्यावर चाले. यंदा गळ्याला कर्णाही मिळाला होता.

"अलीकडनी बाई, तिले चूल फुकता येस नही! जवाई ऊना दारमा, तं पानी बी देस नही!"

पलीकडे हशा पिकला. अलीकडे अकराही जणी एकमेकींच्या मागे सरकायला लागल्या, पण अकरा बायका किती मागे सरकणार?

"आई," हितेंद्र हळूच म्हणाला, "मेसेज यांच्याकडूनच आलाय."

"कसावरून?"

"यांच्या बायका भ्यायल्या नाहीत ना! मेसेज फक्त आपल्याच काठाला आला." त्याच्या डोळ्यांत काहीतरी लकाकलं. "एक खडा न मारता अर्धी लढाई जिंकली त्यांनी. आपल्या बायका हरल्या नाहीत, घरी बसल्या. आता बायका आणायला वेळ नाही. पण आपण किती आहोत हे त्यांना कुठं माहितीये?"

त्याने मागे वळून पाहिलं. बांधावर माणूसभर उंचीच्या वेड्या बाभळी, आणि त्यांच्यामागे मावळता सूर्य.

"ताई, ऊन त्यांच्या डोळ्यांवर आहे. त्यांना नुसते आकार दिसणार. लुगडी आणा! दोरीवरची, पेटीतली, मिळतील ती."

"हाय माय!" सुनंदाबाई म्हणाली. "मनं ठेवणीतलं लुगडं काटास्मा?"

"लढाई आहे, आई."

"लढाई तुनी, लुगडं मनं!"

पण गेली, आणि सगळ्यात आधी परत आली. दहा मिनिटांत बांधाआडून बाभळींवर लुगडी चढली. पदर वाऱ्यावर हलत होते, डोक्यावरून घेतल्यासारखे. कामिनीची लग्नातली हिरवी पैठणी सर्वांत पुढे. तिचा जीव त्या काठांत अडकला होता, पण भावाला असं हुकूम सोडताना तिने जन्मात पाहिलं नव्हतं.

"आता कुणीही बोलायचं नाही," हितेंद्र म्हणाला.

"बोलानं नही? मंग काय करानं, भजन?"

"फक्त बघायचं. आपण काय करणार हे जोवर त्यांना कळत नाही, तोवर ते आपलं सोडून स्वतःचाच विचार करतील."

प्रमिलाबाईंनी चुलीनंतर भाकरी काढली, भाकरीनंतर सासूबाई काढल्या. इकडून हूं नाही की चूं नाही. बांधावर ओळीने उभ्या पन्नास-साठ बायका, पदर हलताहेत, तोंडातून शब्द नाही. पलीकडचा हशा विरळ झाला. मग माइक बंद करायचं विसरून प्रमिलाबाईंनी शेजारणीला विचारलं, आणि ते साऱ्या नदीने ऐकलं:

"काय व माय, ह्या बोलत काब्र नहीत? इतल्या कथाईन उन्यात?"

एवढ्या आल्या कुठून आणि गप्प का, याचे तर्क सुरू झाले. कुणीतरी म्हणालं, पोलीस घेऊन आल्या असतील. कुणीतरी म्हणालं, मेसेजचं कळलं वाटतं. आपल्याच अफवेला भिऊन पहिली बाई वळली, मग तिच्या मागे चौघी, आणि शेवटी वायर गुंडाळत प्रमिलाबाई.

अलीकडच्या अकरा जणींनी मग जो गलका केला, त्याने तनू दचकून रडायला लागली. तिला थोपटत, बाभळीतून लुगडी सोडवणाऱ्या बायकांना हितेंद्र सांगत सुटला. अफवेने माणूस मरत नाही, घरी बसतो, आणि सेनापतीला तेवढं पुरतं. खुलासा पायी चालतो, अफवा मोटारसायकलवर येते, म्हणून नुसतं खरं बोलून भागत नाही, वेळेत बोलावं लागतं. आणि डाव मांडायचा तो समोर काय आहे त्यावर नाही. समोरच्याला काय दिसतंय, त्यावर.

कामिनी पैठणीतला काटा काढता काढता थांबली. तिने फोनवर वेळ पाहिली.

"हितू, नऊ मिनिटं."

"काय?"

"नऊ मिनिटं बोलतोयस. एकदाही अडला नाहीस. आणि एकदाही 'अविभाज्य' म्हणाला नाहीस."

हितेंद्रचे कान लाल झाले. आणि तो लगेच अडखळला.

पुढच्या आठवड्यात निवडीच्या शेवटच्या दिवशी पिंप्राळ्याच्या घरात कामिनी तनूला मांडीवर घेऊन बसली होती. दुपारी फोन वाजला.

"ताई, विषय आला होता."

"मग? काय बोललास?"

"तुझी पैठणी सांगितली."

"अरे देवा! हसले असतील सगळे."

"हसले. मागे बसलेल्या साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि ऐकत राहिले."

"आणि निकाल?"

पलीकडून काहीच आलं नाही.

"हितू? अरे, निकाल काय लागला?"

ती तनूला कडेवर घेऊन उठली. तो रात्री उतरेल, चहा पिईल, बोलणार नाही. घरात दूध आहे का? आईला कोण सांगणार? काय म्हणायचं त्याला?

"बोल ना रे मेल्या! जीव जातोय माझा!"

"बघ," फोनमधून हसू आलं, "बाभळीवरचं लुगडं बोललं नाही, तर तूही भ्यायलीस ना? आज चहा ठेवू नको, ताई. मी गाडीत नाहीये. तपासणीसाठी थांबवलंय."

कामिनीने त्याला मनसोक्त शिव्या दिल्या. नदीवर शिल्लक राहिलेल्या, होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या.