भाऊंना दिसलेली होडी

मंदाकिनीबाईंनी शाल सारखी करायच्या निमित्तानं नवऱ्याच्या, भाऊंच्या, खांद्यावर एकदाच बोट टेकवलं.

“तारा,” भाऊ म्हणाले. “जुना कागद आहे. जपून ठेवा तिकीट.”

समोर काळ्या ताटलीत टपाल तिकीट पालथं घातलं होतं. त्यावर बेंझिनचे थेंब पडले की कागदात लपलेली खूण घटकाभर उमटायची आणि विरायची. बाईंना ती दिसली होती. भाऊंना गेलं वर्षभर ताटलीसुद्धा धड दिसत नव्हती, डोळे मधुमेहानं खाल्ले होते. पण डोंबिवलीच्या तिकीटसंग्राहकांच्या ज्या मंडळाची बैठक त्यांच्या घरी भरायची, त्यात भाऊंचा शब्द शेवटचा. तो मान गेला तर हा माणूस अंथरूण धरेल, हे बाई पुरतं ओळखून होत्या. म्हणून दोघांत ठरलं होतं, एक बोट म्हणजे तारा, दोन म्हणजे सिंह, आणि हात लावलाच नाही तर कागद कोरा. जन्मभर ज्यांना चहापलीकडे कुणी विचारलं नाही, त्या बाई आता नवऱ्याचे डोळे झाल्या होत्या. खरं सांगायचं तर त्यांना ते आवडतही होतं.

पुढच्या महिन्यात ठाण्याला मोठं प्रदर्शन होतं आणि मंडळातर्फे परीक्षक म्हणून भाऊंचं नाव जायचं होतं. कोट इस्त्री होऊन आला होता. मंडळातल्याच रवींद्रला मात्र तिथं स्वतःचं नाव हवं होतं. गेल्या बैठकीत बाई फोन घ्यायला उठल्या तेव्हा भाऊंची बोलती बंद झाली होती, हे त्या लबाडानं बरोबर टिपलं होतं.

“वहिनी, आज चहा नाही का?” रवींद्र म्हणाला. “घसा पार सुकलाय.”

बाई उठल्या. चहा मागणाऱ्याला नाही म्हणायची त्या घरात रीतच नव्हती. स्वयंपाकघरातल्या पंख्याच्या घरघरीत बाहेरचं बोलणं कळत नव्हतं. मध्येच हसू फुटलं आणि कुणीतरी दाबलं, एवढंच ऐकू आलं.

ट्रे घेऊन त्या बाहेर आल्या, तर चहाकडे कुणी बघेना. रवींद्रनं त्यांच्या हातात एक परदेशी तिकीट आणि प्लास्टिकचं चपटं भिंग ठेवलं.

“काही तिकिटांवर हे भिंग फिरवलं की लपवलेलं चित्र दिसतं. बघा बरं, तुम्हाला काय दिसतंय?”

बाईंनी भिंग उभं फिरवलं, आडवं फिरवलं. नुसता निळा रंग. आपला हात खांद्यावर नव्हता, म्हणजे भाऊंनी कोरंच म्हटलं असणार, असा त्यांनी हिशेब केला.

“काहीच नाही हो. कोरं आहे.”

“करेक्ट,” रवींद्र म्हणाला. “साधं तिकीट आहे, आत काही छापलेलंच नाही. मी फक्त विचारलं, होडी दिसतेय ना? भाऊंनी तिचं शीडही पाहिलं आणि आत बसलेला कोळीही पाहिला.”

दोघं-तिघं मोकळेपणी हसले. मंडळातला स्वानंद तेवढा मान खाली घालून बसला.

“ठाण्याला मी कळवतो भाऊ. तुम्ही आता आराम करा. ताटली आणि बाटली मंडळाची आहे, नेतो हां.” जाण्याआधी त्यानं चहा मात्र संपवला.

सगळे गेल्यावर भाऊंनी विचारलं, “मंदा, खरंच काही नव्हतं?”

बाई कप गोळा करत होत्या. “होतं हो. होडी होती. मला मेलीला भिंग धरता आलं नाही.”

भाऊंची मान ताठ झाली. “मग चारचौघांत कोरं म्हणून कशाला सांगितलंस? कळत नाही तर गप्प बसावं माणसानं. घालवलंस ना माझं नाव.”

“चुकलंच माझं,” बाई म्हणाल्या.

संध्याकाळी भाऊंनी अंतराला, त्यांच्या मुलीला, फोन लावायला बाईंना सांगितलं. बाईंनी लावून दिला.

“तुझ्या आईनं आज माझी लाज काढली,” भाऊ सांगत होते, आणि बाई त्यांच्या कानाशी फोन धरून उभ्या होत्या.