तिप्पट फंडाचं गाऱ्हाणं

शुक्रवारी संध्याकाळी अंबरनाथ पूर्वेच्या लग्नाच्या हॉलमध्ये चपला काढायलाही जागा उरली नव्हती. स्टेजवर नवरानवरीऐवजी प्रीतमगुरू बसले होते आणि मागच्या पडद्यावर परदेशचा शेअर बाजार नुकताच उघडला होता. बाजार एक टक्का वर सरकला. गुरूंनी डोळे मिटले, उघडले आणि पहिल्या रांगेतल्या आण्णांचा मोबाइल उंच धरला. आण्णांचे पैसे तीन टक्के वाढले होते! शंख वाजला, बायकांनी हात जोडले.

“मार्केट एक पाऊल टाकतं, आपला फंड तीन टाकतो!” गुरू गरजले. “वामनाची तीन पावलं, मंडळी! टेन्शन नाय घ्यायचं!”

“तिसऱ्या पावलाला पाताळात कोण गेलं, ते विचार की त्याला,” मागच्या रांगेतून किर्ती नवऱ्याच्या कानाशी पुटपुटली. ती आण्णांची सून, बदलापूरच्या शाळेत गणित शिकवणारी.

“गप गं, लोक बघतायत,” संतोष म्हणाला.

गुरूंची सिद्धी एवढीच, की फंड तुमच्या एका रुपयावर दोन रुपये उसने घेऊन खेळत होता. आपल्याकडे सरकारी नियमांमुळे सामान्य माणसाला असा फंड सहज मिळत नाही, म्हणून गुरू तो एका परदेशी अॅपमधून विकत आणि माणशी दलाली खात. त्या अॅपनेही दारात चार प्रश्न उभे केले होते. नवखा माणूस तिथेच अडावा, हा हेतू. पण समोर बसलेली निम्मी मंडळी तळकोकणातली आणि सोसायटीच्या गणपतीला गाऱ्हाणं घालावं ते आण्णांनीच. गुरूंनी प्रश्नांचा कागद त्यांच्या हातात दिला आणि आण्णांचा खणखणीत आवाज लागला.

“बा देवा म्हाराजा, हेंका ह्या धंद्याचो अनुभव आसा!”

“व्हय म्हाराजा!”

“सगळो तोटो सोसूची ताकद आसा!”

“व्हय म्हाराजा!”

गाऱ्हाण्याला ‘नाही’ म्हणायची रीत कुठे आहे? गुरूंच्या पोरांनी पटापट सगळ्यांच्या मोबाइलवर ‘होय’ दाबलं. ज्यांच्यासाठी कुंपण घातलं होतं, त्यांनीच ते भक्तिभावाने उपटून गुरूंच्या पायाशी ठेवलं.

आण्णांनी घातले होते ते बायकोच्या, बनूबाईंच्या, ऑपरेशनचे पैसे. त्यांच्या हृदयाची झडप बदलायची होती आणि डॉक्टरांनी उशीर करू नका म्हणून बजावलं होतं. घरी किर्ती भांडली, रडली. बनूबाईच उलट तिच्यावर डाफरल्या, “तेंच्या शब्दावर एवढी माणसा इली. आता तेनीच पैसे काढले तर तोंड खंय दाखवतले?”

मग बाजार घसरला. काही आठवडे खाली-वर हेलकावे खात अखेर होता तिथे परत आला. गुरूंनी हॉलमध्ये पेढे वाटायला काढले. पण लोकांनी मोबाइल बघितले तर पैसे पूर्वीइतके झालेच नव्हते.

“श्रद्धा डळमळली ना, म्हणून!” गुरू म्हणाले.

किर्ती तडक स्टेजवर चढली आणि तिने पेढ्यांचं ताट ओढलं. दहा पेढे एकीकडे, दहा दुसरीकडे.

“हा बाजार. एक पंचमांश पडला, दहाचे आठ झाले. आता पाव हिश्शाने चढला, पुन्हा दहा. बरोबर? हा आपला फंड. तिप्पट पडला, दहाचे चार राहिले. आता तिप्पट चढला, म्हणजे चाराचे पाऊणपट, तीन. किती झाले?”

“सात,” कुणीतरी बोललं.

“इतकं एका दिवसात होत नाही. पण फंड रोज उरलेल्यावरच तिप्पट धरतो, म्हणून प्रत्येक हेलकाव्याला थोडं थोडं हेच होतं. यात श्रद्धेचा काय संबंध?”

“सरकार असले फंड अडवतं ते याचसाठी!” गुरू ओरडले. “श्रीमंतांनी कमवायचं, तुम्ही गरीबच राहायचं!”

“खरंय,” संतोष तिथेच उठून बायकोवर खेकसला. “आमचे पैसे, बुडवू नायतर उडवू! सरकार कोण अडवणारं?”

“तुझे कुठले? आईंच्या ऑपरेशनचे आहेत,” किर्ती म्हणाली. “झोपेची गोळी चिठ्ठीशिवाय मिळत नाही, तेव्हा तुझं स्वातंत्र्य जात नाही. मग इथे अडवलं तर का जातं?”

हॉलमधल्यांना राग आला तो किर्तीचा. दोघींनी तर तिला अवदसा म्हटलं. आण्णा मात्र त्या सात पेढ्यांकडे बघत राहिले. घरी येऊन त्यांनी उरलेले पैसे काढले. ऑपरेशनला ते पुरेनात, म्हणून सरकारी हॉस्पिटलात नाव घातलं. नंबर लागायच्या आत बनूबाई गेल्या.

तेराव्याला प्रीतमगुरू पांढऱ्या सदऱ्यात सांत्वनाला आले. आण्णांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “योग नव्हता, आण्णा.”

आण्णांनी तो हात उचलून बाजूला केला.

“योगाचं नाव घेऊ नको. पैसे होते.”

मग ते जेवायला बसलेल्या पंगतीकडे वळले. त्यांच्याच शब्दावर पैसे घातलेले सगळे तिथे होते.

“ज्याचं गणित स्वतःला मांडता येत नाही, त्यात घरातलं औषधपाणी घालू नका. कुणी अडवलं तर त्याला शिव्या देण्याआधी विचारा, का अडवतोस? मी विचारलं नाही. तुम्ही माझ्या आवाजावर गेलात आणि मला तर काहीच कळत नव्हतं.”

पंगतीत कुणी मान वर केली नाही. टेबलाखाली चौघांनी मोबाइल उघडला होता, आज बाजार किती वर आहे ते बघायला.